रस्त्याचा पादचारी चौक करताना : फरसबंदी सर्वांत शेवटी

रस्ता वाहनांसाठी बंद करायला एक आदेश आणि दोन्ही टोकांना चार अडथळे पुरतात. मात्र त्या मोकळ्या जागेत माणसे चालतील, थांबतील, बसतील आणि पुन्हा येतील अशी व्यवस्था लावायला, म्हणजे रस्त्याचा पादचारी चौक करायला, दोन-तीन वर्षे लागतात, आणि या कामात सर्वाधिक चुका होतात त्या क्रमाच्या. निधी मंजूर होताच निविदा निघते, दगडी फरशी बसते, दिव्यांचे नक्षीदार खांब उभे राहतात आणि मग कोणाच्या तरी लक्षात येते की दुकानांचा माल कुठे उतरवायचा हे ठरलेलेच नाही. पुढील विवेचन नगर प्रशासनातील अभियंते, लोकप्रतिनिधी, व्यापारी संघटना आणि अशा बदलाची मागणी करणारे नागरिक यांना डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. आधी निवड, मग मोजणी, मग रहदारीची फेरमांडणी, मग तात्पुरता प्रयोग आणि कायमचे बांधकाम सर्वांत शेवटी, हाच त्याचा क्रम आहे.

कोणता रस्ता घ्यावा

ज्या रस्त्यावर आजच वाहनांपेक्षा माणसे जास्त आहेत, पदपथ अपुरा पडून लोक रस्त्यावर उतरून चालत आहेत, तो रस्ता पहिला उमेदवार समजावा. ओस पडू लागलेली बाजारपेठ वाहने बंद केल्याने आपोआप सजीव होईल, या आशेवर रस्ता निवडू नये. अमेरिकेने हा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. मिशिगन राज्यातील कॅलमझू या शहराने १९५९ मध्ये बर्डिक स्ट्रीट पादचाऱ्यांना दिला आणि पुढील अडीच दशकांत सुमारे दोनशे शहरांनी त्याचे अनुकरण केले. त्यांतील बहुतेक रस्ते नंतर पुन्हा वाहनांना खुले करावे लागले आणि कॅलमझूनेही १९९८ मध्ये काही भाग खुला केला. ग्राहक त्यापूर्वीच उपनगरांतल्या नव्या बाजारपेठांकडे वळले होते आणि मध्यवस्तीत राहणारे लोक उरले नव्हते, त्यामुळे जे पादचारी तिथे नव्हतेच त्यांच्यासाठी रस्ता मोकळा केला गेला.

शिकागोच्या स्टेट स्ट्रीटची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९७९ मध्ये तिथे खासगी गाड्या बंद झाल्या, पण बस चालू राहिल्या आणि पदपथ बरेच रुंद केले गेले. रुंद पदपथावर तीच गर्दी विरळ दिसू लागली आणि मधून बसचा धूर चालूच राहिला. १९९६ मध्ये रस्ता पूर्ववत करण्यात आला. रुंदीचा हा मुद्दा फारसा कोणी विचारात घेत नाही. डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल यांच्या निरीक्षणानुसार, पदपथाच्या दर मीटर रुंदीमागे मिनिटाला सुमारे तेरा माणसे हे आरामात चालण्याचे वरचे टोक आहे. तुमच्या मोजणीत गर्दीच्या वेळीही हा आकडा दोन-तीनच्या पुढे जात नसेल, तर रस्ता रुंद वाटण्याऐवजी रिकामा वाटेल. अशा ठिकाणी संपूर्ण रस्ता बंद न करता एकच मार्गिका काढून पदपथ वाढवणे शहाणपणाचे ठरते.

दुसरी कसोटी दारांची आहे. दर शंभर मीटरमागे पंधरा-वीस दुकानांची किंवा घरांची दारे रस्त्यावर उघडत असतील तर चालणाऱ्याला दर काही पावलांवर पाहण्यासारखे काहीतरी मिळते. एका बाजूला लांबलचक कुंपणभिंत किंवा वाहनतळाची इमारत असेल तर ती बाजू संध्याकाळनंतर निर्जन होते आणि त्यावर फरशीच्या रंगाने उपाय होत नाही. लांबी सुरुवातीला दोनशे ते तीनशे मीटर पुरेशी आहे. कोपनहेगनचा स्ट्रोएट हा सुमारे १.१ किलोमीटरचा पादचारी रस्ता सर्वांना माहीत असतो, पण त्याभोवतीचे पादचारी क्षेत्र १९६२ मधील सुमारे १६ हजार चौरस मीटरवरून २००५ पर्यंत जवळपास एक लाख चौरस मीटरवर पोहोचले ते टप्प्याटप्प्याने, आणि तेवढ्या काळात मध्यवस्तीतील वाहनतळाच्या जागाही दरवर्षी थोड्या थोड्या कमी केल्या गेल्या.

मोजणी : नंतर नव्हे, आधी

बदलापूर्वीचे आकडे हाती नसतील तर बदलानंतरचा प्रत्येक वाद केवळ मतांवर लढला जातो, म्हणून हा टप्पा कितीही कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये. एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस निवडून सकाळी आठ ते रात्री दहापर्यंत दर तासाला दहा मिनिटे, रस्त्यावरील ठरावीक काल्पनिक रेषा ओलांडणाऱ्या माणसांची मोजणी करावी. त्यात मुले, वृद्ध, चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी घेऊन जाणारे यांची वेगळी नोंद ठेवावी. चालणाऱ्यांइतकीच थांबलेल्या माणसांची मोजणी महत्त्वाची आहे. नकाशा हातात घेऊन रस्त्याची एक फेरी मारावी आणि कोण कुठे उभे आहे, कुठे बसले आहे, भिंतीला टेकून कोण वाट पाहत आहे, याच्या खुणा कराव्यात. चौक झाल्यावर चालणाऱ्यांची संख्या वाढली नाही तरी थांबणाऱ्यांची वाढली, तर जागा रस्त्याऐवजी चौक म्हणून वापरली जाऊ लागल्याचा तो पहिला पुरावा असतो.

ग्राहक कसे येतात हे दुकानदारांना विचारू नये, ग्राहकांनाच विचारावे. २००६ मध्ये ब्रिटनमधील ब्रिस्टल शहराच्या ग्लॉस्टर रोडवर केलेल्या पाहणीत दुकानदारांचा अंदाज होता की ४१ टक्के ग्राहक गाडीने येतात, तर प्रत्यक्षातले प्रमाण २२ टक्के निघाले. यात दुकानदार खोटे बोलत नसतात. दारासमोर उभी असलेली गाडी त्यांना दिवसभर दिसते, चालत आलेला ग्राहक मात्र खरेदी करून निघून जातो आणि नजरेत राहत नाही. हीच पाहणी आपल्या रस्त्यावर करून तिचे निकाल व्यापाऱ्यांसमोर ठेवले तर चर्चेचा सूर बदलतो. कोणत्याही दुसऱ्या शहराच्या उदाहरणाने तो तितका बदलत नाही.

वाहनांच्या बाबतीत एकूण संख्येपेक्षा किती वाहने केवळ आरपार जातात हे कळणे आवश्यक आहे. रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी वाहन क्रमांक टिपले आणि एका टोकाला आत शिरलेले वाहन दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या टोकाला बाहेर पडलेले दिसले, तर त्याला या रस्त्यावर काहीच काम नव्हते, त्याला फक्त वाट हवी होती.

सर्वांत दुर्लक्षित नोंद मालवाहतुकीची आहे. प्रत्येक दुकानासाठी एक ओळ असलेली साधी वही करावी आणि किमान एक आठवडा त्यात लिहावे की माल कोणत्या वाहनाने आला, किती वाजता आला, वाहन किती मिनिटे उभे होते, माल हातगाडीवरून नेता येण्याजोगा होता की नाही, आणि वेळ कोण ठरवते, दुकानदार की पुरवठादार. ही वही भरताना ध्यानात येते की औषधाच्या दुकानात दिवसातून तीन-चार वेळा छोटी खोकी येतात, फर्निचरच्या दुकानात आठवड्यातून एकदा मोठा ट्रक येतो आणि उपाहारगृहाला पहाटेच माल हवा असतो. मालवाहतुकीच्या वेळा या वहीतून ठरल्या तरच त्या पाळल्या जातात. कार्यालयात बसून ठरवलेली वेळ पहिल्याच महिन्यात मोडीत निघते.

रहदारी जाते कुठे

‘हा रस्ता बंद केला तर शेजारचे रस्ते तुंबतील’ हा आक्षेप हमखास येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तरीही वाहतूक पाण्यासारखी नसते. एक वाट बंद झाल्यावर ती सगळीच्या सगळी दुसरीकडे वळत नाही. सॅली केर्न्स, स्टीफन ॲटकिन्स आणि फिल गुडविन या वाहतूक संशोधकांनी अकरा देशांतील सत्तरहून अधिक उदाहरणे तपासून २००२ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा की, निम्म्या उदाहरणांत शेजारचे समांतर रस्ते धरूनही वाहनांची संख्या ११ टक्क्यांहून अधिक घटली. काही लोक प्रवासाची वेळ बदलतात, काही वाहन बदलतात, काही दोन कामे एका फेरीत उरकतात. उरलेल्या निम्म्या ठिकाणी घट त्याहून कमी होती हेही विसरू नये. म्हणून या आकड्याच्या भरवशावर वळशाचे नियोजन सोडून देऊ नये.

काही ठिकाणी तर रस्ता बंद केल्याने रहदारी सुधारते. न्यूयॉर्कचा ब्रॉडवे मॅनहॅटनच्या काटकोनी रस्त्यांना तिरपा छेदत जातो, त्यामुळे तो जिथे एखाद्या ॲव्हेन्यूला मिळतो तिथे सिग्नलवर एक जादा दिशा सांभाळावी लागते आणि प्रत्येकाचा हिरवा दिवा आखूड होतो. २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअर आणि हेराल्ड स्क्वेअर येथे ब्रॉडवेवरून वाहने हटवल्यावर त्या चौकांचे सिग्नल सोपे झाले. टॅक्सींच्या जीपीएस नोंदींवरून पश्चिम मिडटाउनमधील उत्तरेकडील फेऱ्या १७ टक्के वेगाने होऊ लागल्याचे दिसले, वाहनांतील लोकांच्या दुखापती ६३ टक्क्यांनी आणि पादचाऱ्यांच्या ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. तुमच्या रस्त्यावर असा तिरपा छेद किंवा पाच रस्त्यांचा गुंतलेला चौक असेल तर सिग्नलच्या वेळांचे गणित आधी करून पाहावे, कारण वाहनचालकांना पटवण्यासाठी यापेक्षा चांगला मुद्दा सापडणार नाही.

फेरमांडणी करताना एकच रस्ता सुटा धरू नये, भोवतालचा संपूर्ण भाग धरावा. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन शहराने १९७७ मध्ये मध्यवस्तीचे चार विभाग केले. गाडीने एका विभागातून थेट दुसऱ्यात जाता येत नाही, बाहेरच्या वळणरस्त्यावर येऊन पुन्हा आत शिरावे लागते, तर पायी आणि सायकलने कुठेही सरळ जाता येते. यात कोणाचेही दार वाहनांसाठी पूर्ण बंद होत नाही, फक्त आरपार जाण्याचा मोह संपतो. आपल्याकडील रस्त्यासाठी किमान एवढे ठरवावे : समांतर रस्ते एकदिशा होणार का, तिथल्या सिग्नलच्या वेळा किती बदलणार, बसथांबे चौकापासून किती पावलांवर येणार, आणि अपंग व्यक्तींच्या वाहनांसाठी दोन्ही टोकांना किती राखीव जागा राहणार. वृद्धांना आत लांबवर चालणे जमत नसेल तर त्याचीही सोय हवी. स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना येथे वाहनमुक्त मध्यवस्तीत ‘कावालिर’ नावाच्या छोट्या विजेवरच्या गाड्या लोकांना मोफत नेतात.

लोकांशी बोलणे आणि आदेश काढणे

मोठ्या सभागृहात सगळ्यांना एकत्र बोलावून सादरीकरण केले की पहिल्या दहा मिनिटांत जो मोठ्याने बोलतो त्याचेच मत सभेचे मत ठरते. त्यापेक्षा दुकानागणिक जाऊन वीस मिनिटे बोलावे, त्यांची वही दाखवावी, अडचण लिहून घ्यावी आणि तिचे काय केले हे पुढच्या भेटीत सांगावे. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना बहुधा कोणी विचारतच नाही, आणि रात्री उशिरापर्यंतच्या गोंगाटाचा पहिला त्रास त्यांनाच होतो. फेरीवाल्यांची मोजणीही याच टप्प्यावर करावी. ते या रस्त्याच्या अर्थव्यवस्थेचा आणि रात्रीच्या सुरक्षिततेचा भाग असतात, त्यामुळे त्यांना हटवून सुशोभित जागा तयार करणे आणि मग सहा महिन्यांनी ते परत आले म्हणून कारवाई करणे, हे दोन्ही बाजूंना महाग पडते. नकाशावर त्यांच्या जागा, त्यांचे वीज-पाणी आणि कचरा हे पहिल्या आराखड्यापासून दाखवलेले असावे.

आदेश सुरुवातीला तात्पुरता आणि मुदतीचा काढावा. त्यात कोणती वाहने, कोणत्या वेळी, कोणाच्या परवानगीने आत येतील, रहिवाशांना प्रवेशपत्र कोण देईल आणि मुदत संपल्यावर निर्णय कोणत्या निकषांवर होईल, हे लिहिलेले असावे. अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सेवा यांची लेखी संमती या टप्प्यावर घ्यावी. नंतर घ्यायला गेल्यास आराखडाच बदलावा लागतो.

रंग, कुंड्या आणि खुर्च्या

एका रविवारी रस्ता बंद ठेवणे हा उत्सव असतो, चाचणी नव्हे. सणाची गर्दी, भर पावसाळा किंवा कडक उन्हाळा आणि महिनाअखेरची मंदी यांतून रस्ता गेला पाहिजे, म्हणजे चाचणी किमान सहा महिन्यांची हवी. पहिले तीन-चार आठवडे सर्वांत वाईट जातात, कारण वाहनचालकांची सवय मोडलेली नसते आणि पादचाऱ्यांचा विश्वास बसलेला नसतो. लोक मोकळ्या रस्त्यावरही कडेकडेने चालत राहतात. या काळात वृत्तपत्रांत टीका येणारच हे गृहीत धरावे आणि त्या दबावाखाली प्रयोग गुंडाळू नये.

स्ट्रोएट नोव्हेंबर १९६२ मध्ये प्रयोग म्हणून बंद झाला आणि १९६४ मध्ये कायम झाला. ब्राझीलमधील कुरितीबा येथे महापौर जैमे लेर्नेर यांनी १९७२ मध्ये मुख्य बाजाररस्ता एका शनिवार-रविवारच्या जोडसुट्टीत पादचाऱ्यांसाठी बदलून टाकला. व्यापाऱ्यांचा विरोध तीव्र होता, तो नंतर मावळला. मला स्वतःला कुरितीबाचा मार्ग अनुकरणीय वाटत नाही, कारण तो एका धाडसी महापौरावर अवलंबून होता आणि अपयश आले असते तर पुढची वीस वर्षे कोणी हा विषय काढला नसता. टाइम्स स्क्वेअरचा मार्ग अधिक वापरण्याजोगा आहे. तिथे पहिल्या दिवसांत नेहमीच्या घडीच्या बागखुर्च्या मांडल्या गेल्या, २०१० मध्ये बदल कायम करण्याचा निर्णय झाला आणि दगडी फरसबंदीचे सारे काम त्यानंतर झाले.

तात्पुरत्या साहित्यात रस्त्यावरचा न घसरणारा रंग, सहज हलणार नाहीत अशा जड कुंड्या, पाणी भरून उभे करायचे अडथळे आणि सुट्या खुर्च्या एवढे पुरते. खुर्च्या जमिनीत पुरू नयेत. अमेरिकी नागरी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांचे चित्रण करून दाखवले की माणूस बसण्यापूर्वी खुर्ची थोडी तरी सरकवतो, कधी सावलीकडे, कधी सोबत्याकडे, आणि बसायला सोय असेल तिथेच लोक बसतात. त्यांच्या अभ्यासानंतर १९७५ मध्ये त्या शहराच्या नियमांत चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक बंधनकारक झाली. हे प्रमाण आजही आरंभबिंदू म्हणून चांगले आहे. काही खुर्च्या चोरीला जातील, तो खर्च अंदाजपत्रकात धरावा. खुर्च्या लोकांनी कुठे ओढून नेल्या हे दर आठवड्याला नकाशावर टिपावे, कारण कायमची बाके आणि झाडे कुठे हवीत याचे उत्तर त्या टिपणातच असते.

कायमचे बांधकाम

जमिनीखालचे काम आधी पूर्ण करावे. पाण्याची वाहिनी, सांडपाणी, पावसाळी गटार, वीज, दूरसंचार केबल या सर्वांचे वय आणि खोली तपासून जुनी झालेली वाहिनी याच खोदाईत बदलावी, आणि भविष्यासाठी रिकाम्या नळ्या आडव्या टाकून ठेवाव्यात. त्यानंतरचा खरा कस पातळीचा लागतो. साध्या रस्त्याचा मध्य उंच असतो आणि पाणी पदपथाच्या कडेला असलेल्या गटाराकडे उतरते. चौक करताना सगळा पृष्ठभाग पदपथाच्या उंचीला आणला की ती कडच नाहीशी होते, आणि पहिल्या जोरदार पावसात पाणी दुकानांच्या उंबरठ्यांकडे धावते. म्हणून प्रत्येक दाराच्या उंबरठ्याची पातळी मोजून तिची यादी करावी, सर्वांत खालच्या उंबरठ्यापासून उतार बाहेरच्या दिशेने सुरू करावा आणि पाणी मधल्या किंवा दोन बाजूंच्या जाळीदार चरांत न्यावे. आडवा उतार पन्नासास एक, म्हणजे पन्नास मीटरला एक मीटर, एवढा ठेवावा. त्याहून कमी असेल तर पाणी साचते, जास्त असेल तर चाकाची खुर्ची एका बाजूला ओढली जाते. जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात, नाहीतर चाके आणि काठ्या त्यांत अडकतात.

वाहने बंद झाली म्हणून फरशी पातळ चालेल हा समज खर्चिक ठरतो. मालाचे ट्रक, कचऱ्याची गाडी आणि भरलेला अग्निबंब येतच राहणार. केवळ पादचाऱ्यांसाठी ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक चालतात, पण वाहनांखाली ८० मिलिमीटर हवेत आणि ते माशाच्या काट्यासारख्या एकमेकांत गुंतलेल्या मांडणीत बसवावेत, म्हणजे वळणाऱ्या चाकांनी ते सरकत नाहीत. मोठ्या आकाराच्या पातळ दगडी लाद्या छायाचित्रात सुंदर दिसतात आणि ट्रकखाली कोपऱ्यांत फुटतात. अग्निबंबाच्या वाटेची रुंदी आपल्या देशातील नियमांवरून ठरवावी : ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे ३.७ मीटर, अमेरिकेत बहुतांश ठिकाणी सुमारे ६ मीटर मोकळी वाट लागते. ही वाट सरळ रेषेत नसली तरी चालते, पण तिच्यात बाक, कुंडी, छत्रीची बैठक किंवा झाडाची खाली आलेली फांदी यांपैकी काहीही येता कामा नये.

सपाट पृष्ठभाग चाकाच्या खुर्चीला सोयीचा, तर अंध व्यक्तीला गोंधळात टाकणारा असतो, कारण पदपथाची कड हीच तिची दिशा असते. त्यामुळे जिथे सायकल किंवा मालवाहने फिरतात तिथे ६० मिलिमीटर उंचीची कड ठेवणे, किंवा स्पर्शाने कळणाऱ्या पट्ट्यांची सलग वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेणे आवश्यक आहे. या पट्ट्या जपानच्या सेइइची मियाके यांनी तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसवल्या गेल्या. त्या वाटेवर दुकानाचा फलक ठेवला जाणार नाही हे पाहणे बांधकामाइतकेच महत्त्वाचे आहे, आणि आराखडा पक्का होण्यापूर्वी अंध व्यक्तींना जागेवर आणून चालून पाहायला सांगावे.

झाडांना खड्डा नव्हे, फरशीखाली सलग मातीची जागा द्यावी. दिवे उबदार रंगाचे, ३००० केल्विनच्या आतले आणि माणसाचा चेहरा दिसेल इतक्या उंचीवर असावेत. स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी मूळ आराखड्यातच असावे. टोकांना बसवायच्या खांबांमधील मोकळी जागा १.२ मीटरपेक्षा जास्त नसावी, म्हणजे गाडी शिरत नाही आणि चाकाची खुर्ची सहज जाते. फ्रान्समधील नीस येथे २०१६ मध्ये आणि स्पेनमधील बार्सिलोनाच्या ला रांब्ला या रस्त्यावर २०१७ मध्ये वाहने गर्दीत घुसवली गेल्यानंतर या खांबांची मजबुती हा स्वतंत्र विषय झाला आहे. जमिनीत खाली जाणारे यांत्रिक खांब वारंवार बिघडतात आणि मग ते कायम खालीच ठेवले जातात. जिथे दिवसातून एक-दोनदाच वाट उघडायची आहे तिथे कुलूप लावलेला उचलता येणारा खांब पुरतो, फक्त किल्ली कोणाकडे आणि आणीबाणीत दुसरी कुठे, हे लेखी ठरलेले हवे.

रोजचा कारभार

मालवाहतुकीच्या वेळा सकाळच्या दोन-तीन तासांत ठेवाव्यात आणि उरलेल्या दिवसासाठी टोकांना माल उतरवण्याची जागा व हातगाड्यांची सोय करावी. सायकलींबाबत गर्दीच्या वेळी उतरून चालावे असा नियम पाळला जातो, दिवसभर बंदी मात्र फारशी पाळली जात नाही. दुचाकींची घुसखोरी रोखण्याचे काम फलक करत नाही, पहिल्या वर्षी तिथे माणूसच उभा राहावा लागतो. स्वच्छता, खुर्च्या, झाडांचे पाणी, कार्यक्रमांच्या परवानग्या आणि बंद पडलेला दिवा यांसाठी एकच जबाबदार व्यक्ती किंवा संस्था नेमावी. न्यूयॉर्कने २००८ मध्ये सुरू केलेल्या चौक योजनेत देखभाल करण्यास तयार असलेली स्थानिक संस्था ही जागा मंजूर होण्याची अटच होती. कार्यक्रमांची संख्याही मर्यादित ठेवावी, नाहीतर दर शनिवार-रविवारी मंडप आणि ध्वनिक्षेपक लागतात व रोज बसायला येणारे लोक येणे सोडतात.

चौक यशस्वी झाला की भाडी वाढतात आणि जुनी छोटी दुकाने जाऊन त्यांच्या जागी मोठ्या साखळ्या येतात. यावर एकट्या रस्त्याच्या आराखड्यात उत्तर नाही, पण दुकानांच्या प्रकारांची यादी पहिल्या मोजणीतच करून दरवर्षी ताडून पाहिली तर भाडेकरार किंवा वापराच्या नियमांत हस्तक्षेप करायला वेळ मिळतो. ताडणी त्याच दिवशी, त्याच रेषांवर, त्याच पद्धतीने करावी.

दोष-दायित्वाचा काळ, म्हणजे कामातील दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, संपण्यापूर्वी एका पावसाळ्यात सर्व चर आणि उंबरठे प्रत्यक्ष पाण्यात पाहून घ्यावेत. त्याबरोबर एकूण फरशीच्या तीन ते पाच टक्के फरशी त्याच खाणीतून, त्याच जाडीची आणून गोदामात ठेवावी आणि कोणतीही वाहिनी दुरुस्त करणाऱ्या संस्थेला ती मोजून द्यावी, म्हणजे खोदाई झालेल्या जागी डांबराचा काळा चौकोन बसवण्याची सबब उरत नाही.